थायरॉइड आणि आतड्यातले जिवाणू: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि गेली बारा वर्षं रोज सकाळी थायरॉइडची गोळी खाते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत आहेत हे लेडीज डब्यात कळल्यापासून मुलुंड ते दादर मी उभ्या उभ्या उत्तरं देत असते. पूर्वी प्रश्न वजनाचे आणि केसांचे असायचे. हल्ली सगळ्या 'गट हेल्थ'वर, म्हणजे आतड्याच्या तब्येतीवर येतात, कारण मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की पोट सुधारा, थायरॉइड आपोआप जाईल. मी डॉक्टर नाही. तुमची गोळी किती पॉवरची हे मी सांगणार नाही आणि तुम्ही मला विचारूही नका. पण जिवाणूंबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

थायरॉइडचं मूळ पोटात असतं, असं म्हणतात. खरं का?

यातला 'मूळ' हा शब्द काढलात तर उरलेलं बरंचसं खरं आहे. ऑटोइम्यून थायरॉइड (म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्यांच्या आतड्यातले जिवाणू निरोगी माणसांपेक्षा वेगळे दिसतात, हे बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. ते वेगळेपण आजाराचं कारण आहे, परिणाम आहे की नुसतं सोबतीला आलेलं आहे, याचा निकाल लागलेला नाही. जो तुम्हाला निकाल लागल्याचं सांगतो, त्याच्याकडे बहुधा विकायला काहीतरी असतं.

माझ्या रिपोर्टवर नुसता टीएसएच आहे. माझं थायरॉइड ऑटोइम्यून आहे हे कसं कळणार?

आपल्याकडे 'तिला थायरॉइड निघालं' असं म्हणतात, जणू काही बाकीच्यांना ते नसतंच. थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, ती प्रत्येकाला असते. तिचं काम मंदावलं की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी जास्त जोरात हाका मारते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून काम कमी झालं की टीएसएच वाढतो, आणि 'वाढलाय तर मग हायपो, म्हणजे कमी, कसं?' हा गोंधळ निम्म्या डब्याला होतो.

टीएसएच फक्त बिघाड आहे एवढंच सांगतो, का झाला ते नाही. त्यासाठी अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी असते. टीपीओ हे थायरॉइडचं हार्मोन बनवायला लागणारं एन्झाइम. स्वतःच्याच या एन्झाइमविरुद्ध शरीराने अँटीबॉडी केल्या असतील तर त्या तिथे दिसतात. ज्या भागात आयोडीन पुरेसं मिळतं तिथे हायपोथायरॉइडचं सगळ्यात मोठं कारण हेच, हाशिमोतो. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांत पांढऱ्या पेशींनी केलेली गर्दी टिपून ठेवली. ही गर्दी म्हणजे शरीराचा स्वतःवरचाच हल्ला, हे कळायला १९५६ साल उजाडलं. लंडनच्या संशोधकांना तेव्हा अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या.

याचं दुसरं भावंडं म्हणजे ग्रेव्हज. तिथे अँटीबॉडी ग्रंथी मोडत नाहीत, उलट टीएसएचचं सोंग घेऊन तिला अहोरात्र कामाला जुंपतात. छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं, काहींचे डोळे पुढे येतात. दोन्ही आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पटीने जास्त होतात.

मुंबईसह आठ शहरांतल्या प्रौढांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइड होतं आणि जवळपास २२ टक्के लोकांच्या रक्तात अँटी-टीपीओ होत्या. म्हणजे अँटीबॉडी असलेला प्रत्येक जण आजारी नसतो. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोट कुठे, गळा कुठे. आतड्यातल्या जिवाणूंचा थायरॉइडशी संबंध येतोच कसा?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार. ज्यांना दादरला उतरायचंय त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ चा हिशेब आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पाव किलोच्या आतच भरतं. (दोन किलो वगैरे जे आकडे फिरतात ते जुन्या हिशेबातले. मीही एकेकाळी वर्गात तेच शिकवलंय.) या गर्दीला रक्तापासून वेगळं ठेवते ती आतड्याच्या अस्तराची एका पेशीच्या जाडीची भिंत आणि तिच्यावरचा चिकट थर. चाळीतली दोन बिऱ्हाडं वेगळी ठेवणारी लाकडी फळी डोळ्यांपुढे आणा. पलीकडचं सगळं ऐकू येतं, पण माणूस या घरातून त्या घरात येत नाही.

ऐकू येतं, हेच महत्त्वाचं. फळीच्या अलीकडे शरीरातलं सगळ्यात मोठं संरक्षणखातं बसलेलं असतं आणि ते दिवसभर पलीकडचा कानोसा घेतं. आपलं कोण, परकं कोण, कुणाला सोडायचं, कुणावर धावून जायचं, याचं बरंचसं शिक्षण त्याला इथेच मिळतं. पूर्णपणे जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांत हे खातं कच्चं राहतं, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय.

या खात्यात दोन प्रकारच्या पेशी आपल्या कामाच्या. एक, भांडण सोडवणाऱ्या नियामक टी-पेशी. दुसऱ्या, आग लावणाऱ्या टीएच-१७ पेशी. त्यांचाही उपयोग असतो, पण त्या फार झाल्या की घरच पेटतं. जिवाणू दोन्हींवर परिणाम करतात. आपल्याला न पचणारा तंतू, म्हणजे मटकीचं साल, भाकरीतला कोंडा, हिरव्या केळ्यातला स्टार्च, मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या तोंडी पडतो आणि ते तो आंबवून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या पेशी जगतात, आणि उंदरांत त्याने नियामक टी-पेशी वाढतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. उलट उंदराच्या आतड्याला चिकटून राहणारा एक धाग्यासारखा जिवाणू टीएच-१७ पेशी वाढवतो, हे २००९ मध्ये दिसलं होतं. हाशिमोतोच्या रुग्णांत या दोन गटांचा तोल ढळलेला सापडतो.

तिसरा मार्ग चेहरेसाधर्म्याचा. एखाद्या जिवाणूच्या प्रथिनाचा तुकडा थायरॉइडच्या प्रथिनासारखा दिसत असेल, तर जिवाणूवर केलेली अँटीबॉडी चुकून थायरॉइडला जाऊन बिलगू शकते. गंमत अशी की प्रयोगशाळेत हे साधर्म्य ज्यांच्यात दिसलंय त्यांत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या काही जाती आहेत, म्हणजे ज्यांना डबीत भरून 'चांगले जिवाणू' म्हणून विकतात तेच. परीक्षानळीतलं साधर्म्य म्हणजे शरीरातला आजार नव्हे, तेव्हा लगेच दही टाकून देऊ नका.

चौथा मार्ग पोषणाचा. थायरॉइडला आयोडीन, सेलेनियम, लोह, जस्त लागतं आणि हे सगळं आतड्यातूनच आत येतं. हा मार्ग साधा आहे, म्हणून त्यावर कुणी रील करत नाही.

ही सगळी उंदरांची कथा झाली. माणसांत काय दिसलं?

आधी जुळ्यांचं ऐका. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्याला ते साधारण तीनांतल्या एका जोडीतच होतं. जनुकं तंतोतंत तीच, तरी बाकीच्या दोन जोड्यांत दुसरं भावंडं सुटलं. म्हणजे आनुवंशिकता मोठी आहे, पण पूर्ण नाही. बाहेरचं काहीतरी लागतं.

बाहेरचं काय? फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा करेलिया प्रांत बघा. दोन्हीकडच्या लोकांचं मूळ बरंचसं एक, राहणीमान वेगळं. शाळकरी मुलांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत थायरॉइडविरोधी अँटीबॉडी श्रीमंत, चकचकीत फिनलंडच्या मुलांत कितीतरी पट जास्त निघाल्या. लहानपणी जंतूंशी गाठ कमी पडली की संरक्षणखातं रिकामटेकडं होऊन घरातच भांडणं काढतं, अशी यामागची एक मांडणी. मला ती आवडते, पण तिच्यावर मी माझं घर बांधणार नाही. मुंबईत जंतूंशी गाठ कमी पडते असं कुणी म्हणू शकेल का? तरीही मघाचे ते २२ टक्के आहेतच.

आता थेट विष्ठेच्या नमुन्यांचे अभ्यास. हाशिमोतो आणि ग्रेव्हजच्या रुग्णांचे नमुने निरोगी लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले गेले, यांतले बरेच अभ्यास चीनमधले. फरक जवळपास प्रत्येकात सापडला. अडचण अशी की फरक कोणता, यावर एकमत नाही. काहींत ब्युटिरेट बनवणारे कमी, काहींत जिवाणूंची विविधता घटलेली, तर हाशिमोतोच्या काही अभ्यासांत विविधता चक्क वाढलेली. मला याचं नवल वाटत नाही. विष्ठेतले जिवाणू जेवणाने बदलतात, गावाने बदलतात, औषधाने बदलतात, आणि नमुना फ्रीझरबाहेर किती वेळ राहिला त्यानेही बदलतात. तीस-चाळीस माणसांच्या तुलनेत हे सगळं चाळून काढणं कठीण असतं.

मग आधी आतडं बिघडतं की थायरॉइड?

उलटा बाणही खरा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. थायरॉइड मंदावलं की आतड्याची हालचाल मंदावते. बद्धकोष्ठता हे हायपोचं ओळखीचं लक्षण. पाणी साचलं की शेवाळ धरतं, तसंच इथे. रोममधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ऑटोइम्यून हायपोथायरॉइड झालेले ५० जण तपासले, तर २७ जणांच्या लहान आतड्यात जिवाणूंची नको तेवढी वाढ आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ४० निरोगी लोकांत फक्त दोघांत. तेव्हा 'माझं पोट फुगतं, म्हणून मला थायरॉइड झालं' असं म्हणण्याआधी 'थायरॉइडमुळे तर पोट फुगत नाही ना' हेही विचारा. टीएसएच जागेवर आल्यावर कित्येकींचं पोट आपोआप रुळावर येतं.

एखादा ठरावीक जिवाणू पकडला गेलाय का?

संशयित आहेत, आरोपपत्र नाही. यर्सिनिया एंटरोकोलिटिका हा जुना संशयित. त्याचं एक प्रथिन टीएसएचच्या रिसेप्टरसारखं, म्हणजे टीएसएच जिथे जाऊन चिकटतो त्या थायरॉइडवरच्या जागेसारखं वागतं आणि ग्रेव्हजच्या रुग्णांत त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी जास्त सापडल्या. पण आजार होण्याआधीपासून ज्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं अशा नेदरलँड्समधल्या नातेवाइकांत संसर्गाने आजार ओढवल्याचं दिसलं नाही. दुसरा हेलिकोबॅक्टर पायलोरी, जठरातला. त्याच्यामुळे थायरॉइडचा आजार होतो का यावर अभ्यासांचं पटत नाही. मात्र तो गोळीचं शोषण बिघडवतो, हे नक्की; त्याबद्दल पुढे येतं आहे.

मला एका वेलनेस सेंटरने 'लीकी गट' सांगितलंय.

'लीकी गट' म्हणजे गळकं आतडं. आतड्याच्या भिंतीतून किती काय झिरपतं, ती पारगम्यता ही खरी गोष्ट आहे, संशोधनात मोजली जाते. 'लीकी गट' हे निदान मात्र तुमच्या डॉक्टरांच्या पुस्तकात नाही, आणि त्यावर विकली जाणारी पावडरही नाही. पैसे वाचले त्याची मासळी आणा.

विष्ठेची मायक्रोबायोम टेस्ट करून घेऊ का?

नको. मी स्वतः केली होती. हौस, दुसरं काय. काही हजार रुपये देऊन रंगीत चकत्यांचा छत्तीस पानी रिपोर्ट आला, त्यात मला 'वांगी टाळा' असं सुचवलं होतं. तीन आठवड्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी पुन्हा दुसरीकडे नमुना दिला, तर वांग्यांना माफी मिळाली होती. जिवाणूंची यादी खरी असते, पण त्या यादीवरून तुमच्या थायरॉइडसाठी काय करायचं हे ठरवण्याइतकं ज्ञान आज कुणाकडेच नाही.

पोळी बंद करू का? ग्लूटेनमुळे अँटीबॉडी वाढतात म्हणे.

याची दोन उत्तरं आहेत. तुम्हाला सीलिअॅक आजार असेल, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटत असेल, तर गहू कायमचा बंद, तिथे चर्चा नाही. आणि ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांत सीलिअॅक इतरांपेक्षा जास्त सापडतो, शंभरात साधारण दोन ते पाच जणांत. म्हणून सतत जुलाब, औषध घेऊनही न हटणारं लोहाचं अॅनिमिया, किंवा गोळीचा डोस उगाच वाढत जाणं असं काही असेल तर डॉक्टरांना टीटीजी-आयजीए या तपासणीबद्दल जरूर विचारा. फक्त तपासणीआधी गहू सोडू नका. गहू सोडल्यावर अँटीबॉडी उतरतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. माझ्या वहिनीने नेमकं हेच केलं. सहा महिने पोळीविना काढले, मग टेस्टसाठी परत पोळ्या खायची वेळ आली.

सीलिअॅक नसेल तर गहू सोडून थायरॉइड सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. जे अभ्यास आहेत ते थोड्या लोकांचे आणि थोड्या दिवसांचे. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आवडत असेल तर खुशाल खा, तंतू जास्त मिळेल. पण वडापाव तसाच ठेवून पोळी सोडणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द नाहीत.

प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्यायच्या का? की घरचं दही पुरे?

इटलीत मोदेना इथे थायरॉइडची गोळी घेणाऱ्या सुमारे ८० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना दोन महिने प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत 'चांगले जिवाणू', दिलं. टीएसएचमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पण त्या गटात गोळीचा डोस बदलावा लागण्याची वेळ कमी वेळा आली. म्हणजे फायदा असलाच तर शोषण स्थिर राहण्याचा, आजार बरा होण्याचा नाही. इतर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी हायपोमध्ये चित्र फारसं बदलत नाही.

घरचं दही, ताक, आंबोळी, इडली, हे सगळं पोटाला बरं आणि खिशालाही. मात्र आंबवलेलं पीठ तव्यावर पडलं की त्यातले जिवाणू मरतात, तेव्हा आंबोळीतून प्रोबायोटिक मिळतं असं समजू नका; पचायला हलकी होते, तो फायदा उरतो. दह्यातले जिवाणूही पाहुण्यासारखे, दोन दिवस राहून निघून जातात. आतड्यातल्या मुळच्या रहिवाशांना जगवायचं तर त्यांचं खाणं पाठवावं लागतं: मोड आलेली कडधान्यं, गवार, शेवगा, लाल भोपळा, सालासकट फळं, नाचणी-ज्वारी. पोट आधीच फुगत असेल तर हे हळूहळू वाढवा. सोमवारपासून एकदम मटकी-चवळी-राजमा सुरू केलेल्या बाईच्या शेजारी मी सीएसएमटीपर्यंत बसलेली आहे.

तुम्ही सारखं 'शोषण' म्हणता. गोळीचा आणि आतड्याचा एवढा काय संबंध?

सगळ्यात खात्रीचा संबंध हाच, आणि मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित. लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे आपली रोजची थायरॉइडची गोळी गिळली की तिचा ६० ते ८० टक्के भाग लहान आतड्यात शोषला जातो. वाटेत जे काही आड येईल ते हा आकडा खाली ओढतं. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत. तिथे थोडी गळतीही टीएसएच हलवते.

जठरात आम्ल लागतं. २००६ मध्ये रोमच्या डॉक्टरांनी दाखवलं की हेलिकोबॅक्टरचा संसर्ग किंवा जठराचा दाह असलेल्यांना तोच परिणाम साधायला साधारण २२ ते ३४ टक्के जास्त डोस लागतो, आणि संसर्गावर उपचार केल्यावर गरज पुन्हा उतरते. तेच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचं. आपल्याकडे 'गॅसची गोळी' सकाळी उठल्यावर थायरॉइडच्या गोळीबरोबरच घोटतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, कारण ती मेडिकलमधून थेट आणलेली असते. ती सांगा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला बिलगून तिला पुढे जाऊ देत नाहीत, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सीलिअॅक आणि दुधातली साखर न पचणं, दोन्हींत डोस वाढतो.

आणि चहा. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. कॉफीने शोषण घटतं हे नोंदलेलं आहे, दुधातलं कॅल्शियमही आड येतं. आपला चहा तर दुधातच उकळतो. 'अहो, चहाशिवाय मला डबे करता येत नाहीत' हे मला मान्य आहे; पहाटे पाच-चाळीसला उठणाऱ्या बाईला तासभर थांब सांगणं क्रूरपणाच. तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे: रात्री झोपताना, जेवणानंतर तीनेक तासांनी. नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत रात्रीची गोळी सकाळपेक्षा जरा सरसच ठरली. डॉक्टरांना विचारून वेळ बदला आणि मग रोज तीच ठेवा. वेळ किंवा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा, त्याआधीचा आकडा फसवतो.

मुंबईपुरतं एक. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल सहन करत नाही. गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर, जुलै महिन्यात, झाकण अर्धवट लावलेली बाटली मी कित्येक घरांत पाहिली आहे. गोळी तिच्याच बाटलीत, झाकण घट्ट, कपाटात.

सैंधव मीठ पोटाला चांगलं म्हणून सुरू केलंय.

पोटाला त्याने विशेष काही होत नाही. थायरॉइडचं मात्र होऊ शकतं, कारण बाजारातल्या सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. देशात गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे आणि त्याचं मुख्य हत्यार आयोडीनयुक्त मीठ हेच आहे. चतुर्थीला सैंधव ठीक, बारा महिने नको. विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर अजिबात नको.

याच्या उलट टोकही आहे. आयोडीन गरजेपेक्षा फार झालं तर ऑटोइम्यून थायरॉइड वाढतं, चीनमधल्या तीन भागांच्या २००६ च्या अभ्यासात ते दिसलं. म्हणून समुद्री शेवाळाच्या 'थायरॉइड सपोर्ट' कॅप्सूल घेऊ नका. आठवड्याला सुरमई, बांगडा, सुकट जवळा खाणाऱ्यांनी घाबरू नये, मासे म्हणजे कॅप्सूल नव्हे.

सेलेनियम?

अँटीबॉडीचा आकडा काही अभ्यासांत उतरतो, बरं वाटतं का ते नीट दिसत नाही. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांचा त्रास सौम्य असेल तर सहा महिने सेलेनियम दिल्याचा फायदा २०११ च्या युरोपीय चाचणीत दिसला, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने. जास्त झालं की विषारी, केस गळतात. केस गळतात म्हणून ते घेणाऱ्या एका मैत्रिणीसाठी हे वाक्य मुद्दाम लिहिलंय.

अँटी-टीपीओ दर तीन महिन्यांनी तपासते. आकडा कमी होत नाही.

तपासू नका. एकदा निदान झाल्यावर डोस टीएसएचवर ठरतो. अँटीबॉडी साडेचारशेवरून तीनशेवर आल्या म्हणून गोळी बदलत नाही आणि उलटही नाही. आणि रक्त द्यायच्या दोन दिवस आधी केसांची बायोटिनची गोळी थांबवा, ती कित्येक लॅबमधल्या पद्धतीत थायरॉइडचे आकडे चुकीचे दाखवते.

मला ग्रेव्हज आहे. पोटाचं काही करून कार्बिमॅझोल बंद होईल?

कार्बिमॅझोल म्हणजे ग्रेव्हजमध्ये थायरॉइडला आवरणारी गोळी. ती अशी बंद होणार नाही, आणि तसा प्रयोग घरी करू नका. ग्रेव्हज अर्धवट सोडला तर हृदयावर येतं. ग्रेव्हजचं उंदरांतलं काम रंजक आहे: व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू बदलले, तर त्यांचा डोळ्यांचा आजार सौम्य झाला. म्हणून कुणी माणसांना व्हँकोमायसिन देत नाही. सिगारेट-विडी सोडणं हे डोळ्यांसाठी आजही सगळ्यात मोठं औषध. कार्बिमॅझोल घेताना ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर 'पावसाळी असेल' म्हणून बसू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. गोळ्यांनी भागलं नाही तर रेडिओअॅक्टिव्ह आयोडीनचा पर्याय असतो. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉइडच्या कामासाठी देशभरातून लोक तिथे येतात.

लहानपणी भरपूर अँटिबायोटिक घेतली, म्हणून झालं का?

तुमच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येणार नाही. सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नये याला इतर पुष्कळ कारणं आहेत, थायरॉइडचं कारण त्यांना जोडायची गरज नाही.

बाजरी आणि कोबी बंद करू?

बाजरीतली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात हे खरं, पण ते उपद्रवी ठरले सुदानसारख्या ठिकाणी, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनची टंचाई. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात हिवाळ्यातल्या बाजरीच्या भाकरीने काही होत नाही. कोबी शिजवून खा.

गरोदर आहे. पोटासाठी काही वेगळं?

पोटाचं नंतर बघू. आधी, गोळी चालू असेल तर गरोदरपण कळल्या दिवशी डॉक्टरांना फोन. डोस बहुधा लगेच वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. लोह आणि कॅल्शियम याच काळात सुरू होतात, तेव्हा वरचे चार तास इथे पक्के पाळा. बाळंतपणानंतरच्या वर्षात खूप थकवा, धडधड किंवा उदासपणा आला तर 'बाळामुळे झोप नाही' असं म्हणून सोडून न देता टीएसएच करून घ्या. अँटी-टीपीओ असलेल्यांत या काळात थायरॉइडला सूज येण्याची शक्यता जास्त असते.

आज गोळी घ्यायची राहिली. आता ट्रेनमध्ये आठवलं.

या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला सात दिवस लागतात, एका दिवसाने काही बिघडत नाही. घरी गेल्यावर आठवलं तर जेवणानंतर तीनेक तासांनी घ्या. उद्याच आठवलं तर उद्याची नेहमीसारखी घ्या. हृदयविकार असेल तर दोन एकदम घेऊ नका. आठवड्यात तीनदा राहत असेल तर बाटली टूथब्रशशेजारी नको, तिथे ओल असते. मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवा, तिकडे हात जाणारच.